बाळाच्या वाट्याची रात्र

आज वसुबारस. संध्याकाळी राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग अशा इंदूरच्या मराठी वस्त्यांतल्या बायका निरांजनाचे ताट घेऊन सवत्स गाय शोधायला निघतील. शहर स्वच्छ झाले तशी गुरे गावाबाहेर गेली, त्यामुळे पुष्कळ घरांत आता पितळेच्या नाहीतर मातीच्या गाय-वासरावरच भागते. पूजा मात्र चुकत नाही आणि उपासही. लेकुरवाळी बाई आज दूध, दही, तूप खात नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी यांवर दिवस काढते. व्रताच्या कथा पोथ्यांत असतील तशा असोत, आमच्या आजीने सांगितलेले कारण एका वाक्याचे होते. आजचे दूध वासराचे.

दिवाळीचा पहिला दिवा असा एका आईपुढे आणि तिच्या लेकरापुढे लागतो. ज्याचे त्याला द्यावे, एवढे सांगून हा सण सुरू होतो आणि पुढच्या चार दिवसांत घरातल्या तान्ह्याच्या वाट्याचे जे असते तेच आधी काढून घेतो. तान्ह्या बाळाची मालमत्ता ती काय? दूध आणि झोप. दुधाची काळजी सारे घर वाहते. झोपेवर मात्र ज्याला वाटेल त्याने हात मारावा असा रिवाज आहे. महापालिका, महागाई आणि रस्त्यांचे खड्डे यांवर आम्ही वर्षभर लिहितोच. आजची जागा त्या झोपेला दिली तर वाचक रागावणार नाहीत.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे आठ महिन्यांची नात आली. पुण्याहून, रात्रीच्या गाडीने. नकाशावर पुणे इंदूरच्या खालीच आहे, थोडे डावीकडे. पण गाडी वसई, सुरत, बडोदा, रतलाम असा गुजरातला वळसा घालून येते. मनमाडच्या सरळ मार्गाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. त्यावरून पहिली गाडी धावेल तेव्हा नात कॉलेजात असेल अशी आमच्या घरातली अटकळ. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, तसाच बर्थही मिळत नाही. मग आई रात्रभर एका कुशीवर, बाळ भिंतीच्या बाजूला आणि आईची पाठ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या धक्क्याला. २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला घडीचा छोटा बर्थ जोडून पाहिला गेला होता. कल्पना चांगली होती. आमच्या सूनबाईने ती रात्र जुन्याच पद्धतीने काढली.

सकाळी स्टेशनवर घ्यायला सहा जण गेलो. घरी पोचेपर्यंत बाळ चार हातांतून गेले होते, दुपारपर्यंत चौदा. आत्याने हौसेने शिवून घेतलेले जरीचे परकर-पोलके तिला टोचत होते, पण फोटो व्हायचा होता. तिचा डोळा लागला की कोणीतरी दारात हजर: "अगं, मुद्दाम तिलाच बघायला आलोय, पाच मिनिटं उठव ना!" पाच मिनिटांसाठी उठवलेले बाळ पुढे दोन तास झोपत नाही, हे चार-चार मुले वाढवलेल्यांनाही आठवत नव्हते, आम्हालाही नाही. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारलाच गल्लीत कोणीतरी पहिला फटाका लावण्याचा मान मिळवला. पाचला तिचे अभ्यंगस्नान झाले. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, म्हणजे नेमके ती पेंगायला लागते तेव्हा. तिसऱ्या रात्री अकराला तिने जो सूर लावला तो एक वाजला तरी खाली येईना. निदाने भराभर आली. दात येताहेत. पोटात दुखतंय, आईने चिवडा खाल्ला ना! दृष्ट लागली. आणि पाठोपाठ ते ठरलेले वाक्य: "आमच्या वेळी मुलं ढोलाच्या शेजारी झोपायची." सूनबाई काही बोलली नाही. अशा वेळी आईच्या चेहऱ्याकडे पाहावे. घरातले प्रत्येक वाक्य ती मुकाट्याने स्वतःच्या नावावर लिहून घेत असते.

शेवटी आमची ८३ वर्षांची आई उठली. मुठीत मीठ-मोहरी घेतली, बाळाला उचलले आणि मागच्या खोलीत निघाली. जाताना म्हणाली, "दिवा घालवा. कोणी आत येऊ नका." आत काय मंत्र झाला कोण जाणे, वीस मिनिटांत सामसूम.

त्या रात्री दृष्ट लागणे म्हणजे काय ते आम्हाला नव्याने कळले. नजरा लागल्या होत्या हे तर अक्षरशः खरे होते. तीन दिवस त्या पोरीवरून कोणाची नजर हटली नव्हती. आठव्या-नवव्या महिन्यात बाळ आपली माणसे आणि परकी माणसे यांत भेद करू लागते, म्हणून अनोळखी कडेवर गेले की ओठ काढते. नेमक्या त्याच वयात आपण त्याला गावभर कडेकडेने फिरवतो. आणि उतारा कसला? अंधार, बंद दार, एकच माणूस, एकच ओळखीचा आवाज. मिठाने आणि मोहरीने काय होते यावर आमचे मत कोणी विचारू नये. बाकीचे सगळे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाने चिठ्ठीवर लिहून दिले असते.

जुन्या बायकांचे बाळासंबंधीचे नियम असे उलटून पाहायला हवेत. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला माणसांत आणायचे नाही. तिन्हीसांजेला तान्हे घेऊन उंबऱ्याबाहेर पडायचे नाही. झोपलेल्या बाळाचा मुका घ्यायचा नाही, त्याला ओलांडायचे नाही. न्हाऊ-माखू घालून दुपट्यात बांधलेल्या बाळाला हाक मारायची नाही. (त्या न्हाणीनंतरची धुरी तेवढी सोडून द्यावी; धुराने इवल्या छातीला त्रासच होतो.) कारण विचारले तर या बायका काहीही सांगत, कधी सटवाईचे नाव घेत, कधी नुसतेच डोळे मोठे करत. पण नियम एका ओळीत मांडले की त्यांचा रोख दिसतो. आल्या-गेल्याच्या हौसेपासून बाळाची झोप राखायची होती. घरातली धाकटी सून सासूच्या वहिनीला "आत्ता नको, बाळ झोपलंय" असे म्हणू शकत नव्हती. "तिन्हीसांज झालीय, दृष्ट लागेल" एवढे म्हणू शकत होती. आम्ही शिकलेल्या लोकांनी ते नियम अंधश्रद्धा म्हणून काढून टाकले. काढले ते ठीक, पण त्या जागी दुसरा पहारेकरी बसवायचे राहून गेले.

कातरवेळेचेच घ्या. दिवेलागणीला तान्हे बाळ कारण नसताना रडते हे घरोघर ठाऊक होते. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या, तेव्हा दिसले की बाळाचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचते आणि त्यातले बरेचसे संध्याकाळी असते. सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिनाच, चार दिवस इकडे-तिकडे. नवजात बाळाला रात्र-दिवस कळत नाही. शरीरातले घड्याळ बसायला दोन-तीन महिने जातात. ते झोपेत हसते तेव्हा सटवाई हसवते असे आपण म्हणत आलो. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप अशीच वरवरची असते, पापण्यांखाली डोळे हलतात, ओठ हलतात, मूठ उघडते-मिटते. तासाभराच्या आत झोपेचे एक आवर्तन संपते आणि त्या सांध्यावर स्वयंपाकघरात झाकण पडले की बाळ जागे होते. सटवाई हसवत असताना हात लावायचा नाही असे बायका बजावत, ते उगाच नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये लहान मुलांच्या झोपेचे आकडे दिले आहेत, दिवसाच्या डुलक्या धरून. तीन महिन्यांपर्यंत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला १२ ते १६, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३. धनत्रयोदशी ते भाऊबीज आपल्या घरात हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण मांडला तर लाज वाटेल. वर आपला एक लाडका सिद्धांत असतो: दुपारी झोपू देऊ नका, म्हणजे रात्री गाढ झोपेल. मोठा माणूस थकला की आडवा होतो. दोन वर्षांचे पोर थकले की चेकाळते. रात्री साडेदहाला गाद्यांवर उड्या मारणाऱ्या, काहीही कारण नसताना खिदळणाऱ्या पोराला पाहून पाहुणे कौतुकाने म्हणतात, "बघा, झोपच नाही याला!" झोप येऊन गेलेली असते. आठ वाजता आली, गर्दी पाहिली, माघारी गेली.

उजेडाचेही तसेच. कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपण्यापूर्वी तासभर प्रखर उजेडात खेळू दिले, तर झोप आणणारे मेलाटोनिन त्यांच्या शरीरात सुमारे ८८ टक्क्यांनी घटले आणि दिवा मालवून पाऊण तास झाला तरी पुरते सावरले नाही. मुले दहाच होती, पण त्यांच्या आयांना त्यात नवल वाटले नसेल. पणतीच्या उजेडाने एवढे होत नाही. दिवाणखान्यातल्या झगझगीत लाद्या, खिडकीतली लुकलुकणारी चिनी माळ आणि "आजोबांना दाखव" म्हणून डोळ्यांपुढे धरलेला मोबाइल यांनी होते.

जुने सगळे सोने नव्हते हेही सांगायला हवे, आणि माळव्यात बसून तर टाळताच येणार नाही. मंदसौर-नीमचच्या शेतांत आजही सरकारी परवान्याने अफू पिकते. एकोणिसाव्या शतकात हीच माळवी अफू इंदूरच्या पेढ्यांवरून मुंबईला आणि तिथून चीनला जायची. आमच्या शहराच्या जुन्या श्रीमंतीत तिचा वाटा आहे. गुटीबरोबर तिचा कण चाटवून बाळाला निजवणे या मुलखाला अपरिचित नव्हते. मुंबईच्या गिरणगावात तिचीच 'बाळागोळी' झाली. भोंग्याला कामावर जाणारी बाई तान्ह्याला ती गोळी देऊन जाई, म्हणजे परत येईपर्यंत ते निपचित पडून राही. १९२० च्या दशकात गिरणी कामगार स्त्रियांच्या पाहण्यांमध्ये याच्या नोंदी झाल्या. कामाच्या जागी पाळणाघर हवे या मागणीमागे हेही एक कारण होते, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात ते कलम आले. त्या आयांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. बारा-बारा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या बाईने दुसरे काय करायचे होते?

आजच्या सुखवस्तू घरात ती सक्ती नाही, तरी दिवाळीच्या प्रवासाला निघताना पर्समध्ये एक बाटली जाते. "सर्दीचं औषध थोडं पाज, गाडीत शांत झोपेल," हा सल्ला नात्यातले कोणीतरी देतेच. क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीची औषधे चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असा इशारा बाटलीवर छापा, असे देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितले आहे. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच राज्यातल्या छिंदवाडा जिल्ह्यात जे घडले ते कोणीही विसरू नये. खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल निघाले आणि परासिया भागातली वीसहून अधिक लेकरे गेली. त्यांना ते झोपेसाठी दिले नव्हते, आजारासाठी दिले होते; तरी असे झाले. मग आजार नसताना, निव्वळ आपल्या शांततेसाठी, बाळाच्या तोंडात चमचा घालण्याचे धाडस कोणी का करावे?

झोपायच्या जागेबद्दल दोन शब्द. पाहुण्यांनी घर भरले की हॉलभर गाद्या पसरतात आणि बाळ दोन दमलेल्या माणसांच्या मध्ये, मऊ गादीवर, जाड रजईखाली जाते. दिसायला हे दृश्य फार गोड असते. पण वर्षाच्या आतल्या बाळाला उताणे, घट्ट आणि सपाट अंथरुणावर, उशी आणि सैल पांघरुणाशिवाय झोपवावे, असे बालरोगतज्ज्ञ कळकळीने सांगतात. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम निघाली आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही यात आली. आजीच्या हातची असली तरी ती कपाटातच शोभते. कार्तिकात माळव्यात थंडी पडू लागते, तेव्हा बंद खोलीत शेगडी ठेवू नये, हे तर मोठ्यांच्याही जिवाचे आहे.

परदेशातून येणारी नातवंडे ही आणखी एक तऱ्हा. ती बहुधा दिवाळी हुकवून नाताळच्या सुट्टीत येतात. हिवाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. बाळाचे शरीर दिवसाला साधारण तासभर सरकते. म्हणजे पंधरा दिवसांच्या रजेतले दहा दिवस ते रात्री दोनला टक्क जागे. त्या वेळी इंदुरात जागे असतात ते दोघेच, हे पोर आणि सराफा. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी तीन रात्री नातवाला खांद्यावर टाकून सराफ्याच्या चौपाटीवर नेले. पोराची रबडीशी गट्टी जमली, झोपेची काही जमली नाही. सकाळी कोवळ्या उन्हात अंगणात खेळवणे आणि रात्री अंधारात कंटाळा येऊ देणे, यापलीकडे त्याला औषध नाही.

आता घराबाहेर येऊ. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र यांची कीर्ती उत्तरेत जुनी आहे. 'शब-ए-मालवा' म्हणतात ती हीच. दिवसभर तापलेले हे पठार रात्री झटकन निवते. आमच्या लहानपणी वैशाखातही गच्चीवर पहाटे गोधडी ओढावी लागे. गिरण्या चालू होत्या तेव्हा परदेशीपुरा, नंदानगर, मालवा मिल या भागांत दुपारीही एक शिस्त असे. रातपाळी करून आलेला माणूस आत झोपला आहे एवढे सांगितले की पोरे आपली विटीदांडू उचलून दुसऱ्या गल्लीत जात. पाळीवरच्या कामगाराला मिळणारा तो मान पाळण्यातल्या बाळाला मिळत नाही.

कायदा काही कमी नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि निवासी वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य सरकार ध्वनिक्षेपकाला मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री दहानंतर आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली. पुढे २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठेवली. हा खटला 'अर्जुन गोपाल विरुद्ध भारत सरकार' या नावाने ओळखला जातो, आणि त्यातले मूळ अर्जदार कोण होते हे फार थोड्यांना माहीत आहे. दिल्लीतली तीन बाळे. २०१५ मध्ये वडिलांमार्फत अर्ज केला तेव्हा त्यांचे वय होते सहा महिने ते चौदा महिने. गाऱ्हाणे श्वासाचे होते, झोपेचे नव्हते. तरी देशभराच्या दिवाळीला दहाची रेघ मारून दिली ती दुपट्यातल्या पक्षकारांनी. आपल्या राज्यात मुख्यमंत्री मोहन यादव यांनी १३ डिसेंबर २०२३ ला शपथ घेतली, त्याच दिवशी मर्यादेबाहेरच्या ध्वनिक्षेपकांवर कारवाईचा आदेश काढला. कागद असा भक्कम आहे. रात्री साडेअकराला वरातीच्या डीजेपुढे उभे राहून तो कागद वाचून दाखवायला मात्र कोणी पुढे होत नाही.

आम्ही उत्सवाचे वैरी नव्हे. अनंत चतुर्दशीच्या झांक्या ही या शहराची शान आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, मागोमाग इतर गिरण्याही गेल्या. कामगारांनी वर्गणी मागून झांक्या चालू ठेवल्या. ती रात्र जागण्यासाठीच आहे. पोराला खांद्यावर घेऊन जावे, नऊ-साडेनऊपर्यंत दाखवावे आणि परत आणून झोपवावे. रंगपंचमीची गेरही तशीच, ती तर दिवसा निघते. अशा दोन-चार गोष्टींसाठी बाळाने झोप सोडली तर ते मोठेपणी अभिमानाने सांगेल. प्रश्न उरलेल्या रात्रींचा आहे. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लागतात, त्यानंतर नाताळ, मग ३१ डिसेंबर, आणि प्रत्येकाला आपली एक रात्र अपवाद वाटते. पाळण्यातल्याच्या बाजूने मोजले तर हे अपवाद तीन महिने चालतात.

इंदूरने ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शिकून २०१७ पासून सलग सात वेळा देशात पहिला क्रमांक आणला. तेव्हाही लोक म्हणाले होते, आपल्याकडे हे होणार नाही. (त्या कचरागाडीचे गाणे सकाळी नुकत्याच झोपलेल्या बाळाला उठवते, पण तेवढे आम्ही सोसू.) जे शहर केळ्याची साल कुठल्या डब्यात टाकायची हे तीन वर्षांच्या पोराकडून पाठ करून घेते, त्याला दहा वाजता आवाज बंद करणे अवघड नाही. पोलिसांनी येऊन करण्याजोगे हे काम नाही. ते गल्लीने ठरवायचे आहे.

आणि घराने. पाहुण्यांना दारात थांबवण्याचे काम बाळाच्या आईवर टाकू नका. तिने "नको" म्हटले की ती शिष्ट ठरते, हे आपण सगळे जाणतो. घरातल्या सर्वांत वडील माणसाने, शक्यतो आजोबांनी, खुर्ची घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी बसावे आणि सांगावे, "झोपलंय. सकाळी या." यंदा आमच्या घरी ही खुर्ची आमची आहे. नात परवा येते आहे. अभ्यंगस्नान ती उठेल तेव्हा होईल, मग आठ वाजोत की नऊ. नरकासुर थांबेल.

वाचकांना एवढीच विनंती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्या गल्लीतल्या गच्च्यांकडे एकदा नजर टाकावी. जिथे दुपटी वाळत असतील त्या भिंतीपासून लांब जाऊन माळ लावावी, आणि दहाच्या आत लावून मोकळे व्हावे.